टीव्हीवर दिसलेलं सिकलसेलचं दुखणं: किती खरं, काय राहून गेलं?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भाला नवा नाही. गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत अनेक घरांत तो पिढ्यान् पिढ्या आहे. टीव्हीच्या पडद्यावर मात्र तो फारसा दिसत नाही. आपल्या मालिकांतलं आजारपण बहुतेक वेळा ठरलेलं असतं. कुणाला चक्कर येते, कुणाला कॅन्सर निघतो, आणि काही भागांनंतर माणूस एकतर बरा होतो किंवा त्याच्या फोटोला हार चढतो. वर्षानुवर्षं येत-जात राहणारं दुखणं त्यात बसत नाही.

अलीकडे दोन परदेशी मालिकांनी हा आजार पडद्यावर आणला. मोबाइलवर मालिका पाहणाऱ्या तरुण रुग्णांना त्या माहीत आहेत. 'आपला आजार पाहिला' असं सांगत ते प्रश्न घेऊन दवाखान्यात येतात. त्या प्रश्नांच्या निमित्तानं सिकलसेलची वेदना नेमकी काय असते, घरी काय करावं आणि दवाखान्यात कधी धावावं, हे या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचं

- सिकलसेलची वेदना खरी आणि अतिशय तीव्र असते. ती एक्स-रे किंवा रक्ततपासणीत दिसेलच असं नाही.
- 'वाहक' (एएस) आणि 'रुग्ण' (एसएस) यांत मोठा फरक आहे. वाहक सहसा निरोगी असतो.
- हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घेतल्यास दुखण्याचे झटके कमी होतात.
- ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक आलेला अशक्तपणा किंवा लुळेपणा असेल तर घरी थांबू नका.

पडद्यावर काय दाखवलं?

पहिली मालिका 'सुपासेल'. ती जून २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. दक्षिण लंडनमधल्या पाच कृष्णवर्णीय माणसांना अचानक अचाट शक्ती मिळतात, अशी ही गोष्ट आहे. या पाचही जणांना जोडणारा धागा म्हणजे त्यांच्या कुटुंबात असलेला सिकलसेल.

दुसरी 'द पिट'. ही जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेली अमेरिकी मालिका पिट्सबर्गच्या एका काल्पनिक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घडते. पहिल्या हंगामात १५ भाग आहेत आणि प्रत्येक भाग म्हणजे ड्युटीचा एक तास. तिच्यात वेदनेनं ओरडणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईला रुग्णवाहिकेतून बांधून आणतात. आणणाऱ्यांना वाटतं, ही नशेच्या इंजेक्शनसाठी गोंधळ घालते आहे. डॉ. समीरा मोहन ही तरुण डॉक्टर तिला सिकलसेल असल्याचं ओळखते, तिचं बांधलेलं अंग मोकळं करायला लावते आणि पुरेसं वेदनाशामक देते. ही भूमिका सुप्रिया गणेश या भारतीय वंशाच्या अभिनेत्रीनं केली आहे.

मुळात ही वेदना येते कुठून?

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यामुळे त्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतूनही सहज वाट काढतात. पेशीत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं आणि ते प्राणवायू वाहून नेतं. सिकलसेलमध्ये या प्रथिनाच्या एका साखळीतला एकच घटक बदललेला असतो. प्राणवायू कमी झाला, शरीरातलं पाणी कमी झालं किंवा थंडी वाजली, की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक होतं. मग पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, त्यावरून आजाराला हे नाव पडलं.

या वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडांच्या मगजात, छातीत, पोटात जीवघेणी कळ उठते. हा 'दुखण्याचा झटका', ज्याला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. आमच्याकडचे रुग्ण म्हणतात, "डॉक्टर, मांड्यातली हाडं कोणी कुटून राह्यलं असं वाटते." वेदनेचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल झालेली पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून या रुग्णांचं हिमोग्लोबिन कायम कमी असतं, डोळे पिवळसर दिसतात आणि थकवा लवकर येतो.

दुखण्याचे प्रकार दोन:

- झटक्याचं दुखणं: अचानक सुरू होतं, काही तासांपासून आठवडाभर टिकतं. कमी-जास्त होत उतरतं.
- रोजचं दुखणं: तीन महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवशी असतं. खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी झिजणं, मणक्यांची झीज, पायावरची न भरणारी जखम ही त्याची नेहमीची कारणं. लंगडत चालणाऱ्या पंचविशीतल्या सिकलसेल रुग्णाच्या खुब्याचा एक्स-रे काढायलाच हवा. सुरुवातीला एक्स-रे साधा दिसला तर एमआरआय लागू शकतो.

मालिकांनी काय बरोबर दाखवलं?

एक, अविश्वास. 'द पिट'मधला तो प्रसंग अमेरिकेतला असला तरी आपल्याला ओळखीचा वाटेल. आपल्याकडे रुग्णाला कुणी बांधत नाही. पण "लय नाटकं करते पोरगी", "सुईची सवय लागली याला", "काम आलं की याचं दुखणं निघते" ही वाक्यं घरात, शेतात, शाळेत आणि कधी दवाखान्यातही ऐकू येतात. वेदना मोजणारं यंत्र नाही. झटका आलेल्या माणसाची नाडी आणि रक्तदाब जवळजवळ साधारण असू शकतो. लहानपणापासून दुखणं सोसलेली मुलं कळा येत असताना मोबाइल पाहतात, गप्पा मारतात, हसतातही. मन दुसरीकडे वळवण्याची ती त्यांची रीत असते. त्यावरून दुखणं खोटं आहे असं ठरवता येत नाही. रुग्ण जे सांगतो, तेच वेदनेचं सर्वात विश्वासार्ह माप.

दोन, उपचाराची घाई. झटका घेऊन आलेल्या रुग्णाला पहिल्या तासाभरात पुरेसं वेदनाशामक मिळावं, हा उपचाराचा सर्वमान्य नियम आहे. आधी सगळ्या तपासण्या आणि मग दुखण्याचं बघू, हा क्रम चुकीचा.

तीन, सवयीची भीती. मॉर्फिनसारखी औषधं नशेसाठी वापरली जातात, म्हणून नातेवाईक घाबरतात. झटक्यापुरती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली मात्रा आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाला पूर्वीपेक्षा जास्त मात्रा लागू शकते. शरीर औषधाला सरावतं, एवढाच त्याचा अर्थ. जोखीम शून्य नसते, म्हणूनच देखरेख हवी. पण त्या भीतीपोटी माणसाला तळमळत ठेवणं हा उपाय नाही.

काय राहून गेलं, काय गैरसमज होऊ शकतो?

'हा आफ्रिकी लोकांचा आजार आहे.' दोन्ही मालिकांत रुग्ण कृष्णवर्णीय आहेत. पण या आजाराचा संबंध कातडीच्या रंगाशी नाही, मलेरियाशी आहे. जिथे शतकानुशतकं मलेरिया होता, तिथे सिकलसेलचं जनुक टिकलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हे जनुक आढळलं आणि त्यानंतर काही वर्षांतच मध्य भारतातही. आज विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे. म्हणून इतरांना तो होतच नाही असं नाही. आडनाव पाहून तपासणी टाळू नका.

'वाहकाकडे खास शक्ती असते का?' 'सुपासेल' पाहिलेल्या एका मुलानं हसत विचारलेला हा प्रश्न. उत्तर निम्मं 'हो' आहे! आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलेल्या वाहकाला लहानपणी गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. निसर्गानं हे जनुक जपलं ते याच कारणानं. बाकी वाहक इतरांसारखाच. त्याला रोजच्या गोळ्या लागत नाहीत आणि तो 'अर्धा रुग्ण' नसतो. अति श्रम आणि उन्हात पाणी कमी पडू देऊ नये, लघवीतून रक्त गेल्यास डॉक्टरांना दाखवावं, इतकी काळजी त्याला पुरते.

भाग संपतो, दुखणं संपत नाही. मालिकेत रुग्ण काही तासांत पडद्याआड जातो. प्रत्यक्षात झटका उतरल्यावरही आठवडाभर अंग मोडल्यासारखं असतं. तेवढ्यात शाळा बुडते, मजुरी बुडते. पुढचा झटका कधी येईल या धास्तीनं मुलं सहलीला जात नाहीत, मुली लग्नाचा विषय टाळतात. झोप न लागणं, उदास वाटणं, चिडचिड हेही या आजाराचे भाग आहेत आणि त्यांवरही उपचार होतात. डॉक्टरांना ते सांगायला संकोचू नका.

मोठं रुग्णालय सगळीकडे नसतं. मालिकेत हवं ते औषध पाच मिनिटांत हाताशी येतं. आपल्याकडे रात्री दोन वाजता कळ उठली तर आधी गाडी शोधावी लागते. चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे अचलपूर किंवा अमरावती गाठायची वेळ येऊ शकते. म्हणून आपल्या रुग्णाची तयारी घरापासून सुरू व्हायला हवी.

झटका टाळण्यासाठी

- पाणी: मोठ्या माणसानं दिवसभरात साधारण अडीच ते तीन लिटर पाणी प्यावं. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा बाहेर पडताना पाण्याची बाटली हवीच. शाळेत मुलाला वर्गात पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा द्यावी, असं शिक्षकांना आधीच सांगून ठेवा.
- थंडी: संत्रा तोडणी आणि कापूस वेचणी पहाटेच्या गारठ्यात सुरू होते. अंगभर गरम कपडे घाला, थंड पाण्यानं आंघोळ टाळा, विहिरीत-नदीत पोहायला उतरू नका. पावसात भिजल्यास लगेच कोरडे कपडे घाला.
- श्रम: काम करा, पण दर तासाला थोडी विश्रांती घ्या. धाप लागेपर्यंत स्वतःला ताणू नका.
- संसर्ग: न्यूमोकोकल आणि इतर लसी वेळेवर घ्या. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन देण्याबाबत डॉक्टर सांगतील. सिकलसेल रुग्णाला मलेरिया झाला तर तो गंभीर होऊ शकतो, मच्छरदाणी वापरा.
- दारू आणि तंबाखू: दारूनं शरीरातलं पाणी कमी होतं, धूम्रपानानं फुप्फुसं खराब होतात. दोन्ही टाळा.

औषधांबद्दल

हायड्रॉक्सीयुरिया हे या आजारातलं सर्वात उपयोगी औषध. ते जन्माच्या वेळी असणारं 'फीटल' हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे पेशी कमी वाकतात. झटके, छातीचे गंभीर त्रास आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. सुरू असलेला झटका त्यानं थांबत नाही, म्हणून 'गोळी खाल्ली तरी दुखलं' म्हणून ती सोडू नका. पेशींची संख्या पाहण्यासाठी ठरलेल्या वेळी रक्त तपासावं लागतं. मूल हवं असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हे औषध सहसा बंद ठेवतात.

फॉलिक ॲसिड नवीन लाल पेशी तयार व्हायला मदत करतं. लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक मात्र रक्तातलं लोह तपासल्याशिवाय घेऊ नका. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं.

झटका आल्यावर घरी: डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी वेळ न दवडता घ्या, कोमट पाणी-सरबत प्या, दुखऱ्या भागाला शेक द्या, पांघरूण घेऊन पडून राहा. बर्फ लावू नका, थंडीनं दुखणं वाढतं. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणि इंजेक्शनं स्वतःच्या मनानं वारंवार घेतल्यास मूत्रपिंड बिघडतं.

दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. गुडघेदुखीवर 'हमखास आराम' देणाऱ्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं दोन दिवस बरं वाटतं, पण औषध उतरताच सिकलसेलचा झटका दुप्पट जोरानं येऊ शकतो. अशा पुड्या घेऊ नका. आणि "एक बाटली रक्त चढवून द्या" हा आग्रह धरू नका. या रुग्णांचं हिमोग्लोबिन नेहमीच ७ ते ९ च्या आसपास असू शकतं. नुसत्या दुखण्यासाठी रक्त लागत नाही. सलाईनचंही तसंच: गरजेपेक्षा जास्त दिल्यास फुप्फुसात पाणी होऊ शकतं.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावं?

- १०१ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप
- छातीत दुखणं, खोकला, धाप
- तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलताना अडखळणं, फिट येणं, अचानक तीव्र डोकेदुखी
- लहान मूल अचानक पांढरंफटक पडणं, पोटाची डावी बाजू फुगणं (पाणथरी मोठी होणं)
- अचानक कमी दिसू लागणं
- पुरुषांमध्ये लिंगाची वेदनादायक ताठरता दोन तासांहून अधिक टिकणं. लाजून घरी थांबू नका, उशीर झाल्यास कायमचं नुकसान होतं.
- घरच्या गोळ्यांनी न उतरणारं दुखणं
- गरोदर स्त्रीला आलेला कोणताही झटका

सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या बाळाचे दोन्ही हात-पाय एकदम सुजले आणि ते सारखं रडत असेल, तर ती सिकलसेलची पहिली खूण असू शकते.

जवळ ठेवण्याची चिठ्ठी

'द पिट'मधल्या त्या बाईचा आजार कुणालातरी ओळखावा लागला. ते नशिबावर सोपवू नका. एका कागदावर पुढील गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सहीशिक्का घ्या: नाव, रक्तगट, आजाराचा प्रकार (एसएस किंवा इतर), नेहमीचं हिमोग्लोबिन, सुरू असलेली औषधं, ॲलर्जी, मागच्या झटक्यात कोणत्या वेदनाशामकानं आराम पडला, आणि घरच्यांचा फोन नंबर. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वेदनेनं तोंडून शब्द फुटत नसताना हा कागद तुमच्या वतीनं बोलेल. सोबत एक छोटी वहीही ठेवा: झटका कधी आला, आदल्या दिवशी काय झालं होतं, ० ते १० मध्ये दुखणं किती. चार-सहा महिन्यांत तुमच्या झटक्यांची कारणं तुम्हालाच दिसू लागतील.

तपासणी आणि लग्न

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर 'सोल्युबिलिटी' चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे सिकलचं जनुक आहे, पण माणूस वाहक आहे की रुग्ण हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. हा दुसरा अहवाल घेतल्याशिवाय थांबू नका.

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. एक वाहक आणि दुसरा मुक्त असेल तर मूल रुग्ण होत नाही. मात्र त्या 'मुक्त' जोडीदाराची एचपीएलसी करून थॅलेसेमिया किंवा दुसरा हिमोग्लोबिन दोष नाही याची खात्री करा. दोघेही वाहक असल्याचं लग्नानंतर कळलं, तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना भेटा. गर्भाची तपासणी करता येते.

तपासणीचा अहवाल लपवण्याची गरज नाही आणि तो पाहून मुलीला नाकारण्याचंही कारण नाही. जनुक मुलाकडून आणि मुलीकडून सारखंच येतं.

शासकीय मदत

- १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.
- दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.
- एसटी प्रवासात सिकलसेल रुग्णांना सवलत आहे. परीक्षेतल्या जादा वेळेबद्दल शाळेत वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा आजार संसर्गजन्य आहे का?
नाही. एकत्र जेवल्यानं, राहिल्यानं, रक्ताच्या थेंबानंही होत नाही. तो फक्त आई-वडिलांकडून येतो.

तो पूर्ण बरा होतो का?
जुळणाऱ्या दात्याकडून, सहसा भावंडाकडून, अस्थिमगज प्रत्यारोपण केल्यास काहींचा आजार बरा होतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं दोन जनुकीय उपचारांना मान्यता दिली, पण ते फार महाग आहेत. आज आपल्या बहुतेक रुग्णांसाठी नियमित औषध आणि काळजी हाच मार्ग आहे, आणि त्यावर शिक्षण, नोकरी, संसार सगळं होऊ शकतं.

मुलाला अशी मालिका दाखवावी का?
या मालिका मोठ्यांसाठी आहेत, त्यांत रक्त आणि हिंसा आहे. किशोरवयीन मुलानं पाहिलीच असेल तर त्याला विचारा, "तुलाही असंच दुखते का?" आणि मग मधे न बोलता ऐका. अनेक मुलं आई-वडिलांना त्रास नको म्हणून निम्मं दुखणं सांगतच नाहीत.

घरच्यांनी सर्वात आधी काय करावं?
"दुखते" म्हटल्यावर विश्वास ठेवा. गोळी, शेक, पाणी, गाडी हे सगळं त्यानंतरच वेळेवर मिळतं.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*